सालाची चव : दोरू खोऱ्यातील पोर्ट आणि कोल्हापुरी गूळ

व्हिंटेज पोर्ट हे एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेले गोड, तांबडे मद्य. त्याचे आंबणे निम्म्यावर थांबवून त्यात द्राक्षाचेच स्पिरिट मिसळलेले असते. ते दोन-तीन वर्षांत बाटलीबंद होते आणि त्यानंतर बाटलीतच वीस, तीस, पन्नास वर्षे मुरत राहते. पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नदीचे खोरे आहे. खरी पोर्ट तिथल्याच द्राक्षांची. बाटलीवर साल छापलेले असते आणि त्या सालालाच किंमत असते. १९२७, १९४५, १९६३, १९७७, १९९४, २०११ ही त्यांतली काही नावाजलेली साले. साल छापण्याची ही रीत कोणत्या हवेतून, कोणत्या मेहनतीतून आणि कोणत्या शिस्तीतून आली, हा या व्याख्यानाचा विषय. कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपास पिकणाऱ्या आणि शिजणाऱ्या एका पदार्थाला तीच रीत का लागू व्हावी, हे त्याचे प्रयोजन. द्राक्षाचा रस आंबतो कसा, यीस्ट साखरेचे मद्यार्क कसे करते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

मद्याचा विषय व्याख्यानमालेत आला की ज्येष्ठ श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडणे स्वाभाविक आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगितलेले बरे : येथे पिण्याची शिफारस नाही. शेतातल्या मालाला त्या वर्षाच्या हवेची ओळख कशी चिकटते आणि ती ओळख बाजारापर्यंत कशी टिकते, एवढाच प्रश्न आहे. हा प्रश्न जगात ज्या मोजक्या पदार्थांबाबत फार बारकाईने सोडवला गेला, त्यांत पोर्ट आहे.

दोरू नदी स्पेनमधून पश्चिमेला वाहत येते आणि पोर्तो शहराजवळ अटलांटिकला मिळते. समुद्रावरून येणारा पाऊस मराओ नावाची डोंगररांग अडवते. गगनबावड्यात पाऊस कोसळत असताना शिरोळमध्ये ढग नुसते वाहत जातात, तोच हा प्रकार. खोऱ्याचे तीन भाग मानले जातात. पश्चिमेकडील बाइशू कोर्गू सर्वांत ओला, मधला सिमा कोर्गू मध्यम आणि स्पेनच्या हद्दीला लागलेला दोरू सुपेरिओर सर्वांत कोरडा. उत्तम व्हिंटेज पोर्टची द्राक्षे प्रामुख्याने मधल्या आणि पूर्वेकडच्या भागातून येतात. डोंगराचे उतार इतके उभे आहेत की दगडी बांध घालून टप्पे केल्याशिवाय वेल लावता येत नाही. खडक शिस्टचा, म्हणजे पापुद्र्यांचा. पापुद्रे उभे फाटत जातात आणि त्या फटींतून वेलीची मुळे कित्येक मीटर खोल उतरतात. उन्हाळ्यात वरची माती भाजून निघते, तेव्हा वेल जगते ती हिवाळ्यात या फटींत मुरलेल्या पाण्यावर. १७५६ मध्ये पोर्तुगालचे मंत्री मार्केस द पोंबाल यांनी या खोऱ्याची हद्द कायद्याने आखली आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले. शेतमालाच्या उगमाची हद्द सरकारने आखून तिचे नियमन केल्याचे जगातले हे फार जुने उदाहरण. २००१ मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला.

वर्षाचा हिशेब हिवाळ्यापासून सुरू होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाऊस चांगला झाला, तर खडकातली साठवण भरते. मार्चमध्ये डोळे फुटतात. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये फुलोरा येतो. त्या दिवसांत गार पाऊस पडला तर फुले गळतात आणि घड विरळ भरतात. जुलैत मणी रंग धरू लागतात. ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांपुढे जाऊ शकतो. तेव्हा वेल पाणी वाचवण्यासाठी पानांची रंध्रे मिटून घेते आणि पिकणे थबकते. सप्टेंबरमध्ये खरी परीक्षा होते. साखर भरली, पण साल आणि बी अजून कच्चे, अशी स्थिती झाली तर मद्य गोड होते आणि तरीही पोकळ राहते. ऑगस्टअखेरीस हलका पाऊस झाला तर थबकलेली वेल पुन्हा कामाला लागते. तोच पाऊस तोडणीच्या तोंडावर मुसळधार झाला तर मणी फुगतात, रस पातळ होतो आणि घड कुजू लागतात.

तीन साले शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. २०११ मध्ये हिवाळा ओला गेला, नंतर उन्हाळा कोरडा राहिला, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात व सप्टेंबरच्या आरंभी नेमका हवा तेवढा पाऊस आला. त्या सालच्या मद्यात जोर आणि ताजेपणा दोन्ही उतरले. २०१६ मध्ये वसंत ओला, उन्हाळा कडक आणि पिकणे उशिरा झाले. सप्टेंबरच्या मध्यावर पाऊस पडला. पावसाच्या भीतीने आधीच तोडणी उरकलेल्यांपेक्षा पाऊस होऊन बाग सुकेपर्यंत थांबलेल्यांचा माल सरस ठरला. २०१७ हे अतिशय कोरडे आणि उष्ण साल. सप्टेंबरची वाट न पाहता अनेकांना ऑगस्टमध्येच तोडणीला हात घालावा लागला. मणी लहान, साली जाड, रस थोडा आणि गडद. जमीन तीच, वेल तीच, माणसे तीच. तरी तिन्ही सालांचे मद्य निराळे झाले.

ही निराळी ओळख बाटलीपर्यंत पोहोचवण्याचे काम पुढच्या दोन-तीन दिवसांत होते. पारंपरिक पद्धतीत द्राक्षे लागार नावाच्या ग्रॅनाइटच्या उथळ, चौकोनी हौदात ओततात. एकाच जातीची द्राक्षे क्वचित असतात. तुरीगा नासिओनाल, तुरीगा फ्रांका, तिंता रोरिश, तिंता बारोका, तिंतू काओ या जाती जुन्या मळ्यांत मिसळूनच लावलेल्या आढळतात. संध्याकाळी मजुरांच्या ओळी हौदात उतरतात. पहिल्या टप्प्यात खांद्यावर हात टाकून, मुकादमाच्या मोजणीवर, सर्वांनी एकदम पाय उचलायचा आणि एकदम टाकायचा. या टप्प्याला कोर्ते म्हणतात. तो काही तास चालतो आणि फार कष्टाचा असतो. नंतर लिबरदादे, म्हणजे मोकळीक. अकॉर्डियन वाजू लागते आणि त्या तालावर माणसे हौदात हवे तसे नाचत फिरतात.

पायांनी तुडवण्यामागे नेमके कारण आहे. साध्या तांबड्या वाइनला सालीतला रंग आणि तुरटपणा काढून घ्यायला आठवडा-दोन आठवडे मिळतात. पोर्टला मिळतात जेमतेम दोन-तीन दिवस, कारण रसातली सुमारे निम्मी साखर आंबली की आंबणे थांबवायचे असते. तेवढ्या वेळात सालीतले सारे काही रसात उतरले पाहिजे, आणि बी मात्र चिरडता कामा नये. चिरडली तर कडू तेल सुटते. तळपाय साल फोडतो, पण बी फोडत नाही. शिवाय अंगाची ऊब रसाला मिळते आणि आंबणे नीट सुरू होते. आता अनेक ठिकाणी पायांची चाल हुबेहूब करणारे यांत्रिक लागार आले आहेत. किंता दो वेझुव्हियोसारख्या मळ्यांनी मात्र पायांनी तुडवणे आजपर्यंत चालू ठेवले आहे.

थांबवण्याची वेळ हा या कारागिरीचा गाभा. रसाची गोडी तासातासाला मोजली जाते. ठरलेला बिंदू आला की रस खाली सोडून त्यात ७७ टक्के मद्यार्काचे द्राक्ष-स्पिरिट मिसळतात. प्रमाण साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर. यीस्ट मरते, उरलेली साखर जशीच्या तशी राहते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. मिसळायला उशीर झाला तर गोडी गेली. घाई झाली तर रंग आणि तुरटपणा अपुरा. त्यानंतर मद्य मोठ्या लाकडी पिंपांत राहते आणि व्हिंटेज म्हणून निवडले गेले, तर तोडणीनंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी, न गाळता, बाटलीत भरले जाते. गाळलेले नसल्यामुळे सालीचे रंगद्रव्य आणि तुरट द्रव्ये बाटलीत एकमेकांना धरत जातात आणि वर्षानुवर्षे साका होऊन तळाशी बसतात. तो साका वगळून मद्य दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे लागते.

निवडले गेले तर, हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. दरवर्षी व्हिंटेज होत नाही. पेढी दोन हिवाळे मद्य चाखत राहते, मग ते साल जाहीर करायचे की नाही ते ठरवते, आणि दोरू व पोर्तो मद्य संस्थेची चाखणी त्यावर शिक्कामोर्तब करते. दहा वर्षांत साधारण तीन साले सर्वमान्यपणे जाहीर होतात. २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची दोन साले बहुतेक पेढ्यांनी जाहीर केली, तेव्हा तो व्यापारातला मोठा चर्चेचा विषय झाला होता. उलट १९३१ चे साल उत्कृष्ट होते. पण १९२७ चा माल अजून गोदामांत होता आणि जगभर मंदी होती, म्हणून बहुतेकांनी ते जाहीर केले नाही. किंता दो नोव्हालने केले, आणि त्या सालाने त्या मळ्याचे नाव कायमचे झाले. जाहीर न झालेल्या वर्षांचा माल वाया जात नाही. तो रूबी आणि टॉनी या मिश्र प्रकारांत जातो. तिथे कारागिराचे कौशल्य उलटे असते : अनेक सालांचा माल असा जुळवायचा की चव वर्षानुवर्षे तीच राहावी. दोन्ही कामे प्रामाणिक आहेत. अट एकच : कोणती बाटली कोणत्या प्रकारची, ते बाटलीवर स्पष्ट हवे.

ही अट सहजासहजी रुजली नाही. त्यामागे एका सालाची आणि एका माणसाची गोष्ट आहे. ती थोडक्यात सांगण्यासारखी नाही, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे.

१८२० साली दोरूत द्राक्षे असामान्य पिकली. मद्य एरवीपेक्षा गडद, भरदार आणि निसर्गतःच गोड झाले. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला ते इतके आवडले की पुढच्या वर्षीही त्याने तसेच मागितले, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. हवा काही कोणाची मागणी मानत नाही. पुढची साले साधी निघाली. तेव्हा व्यापाऱ्यांनी १८२० ची नक्कल सुरू केली. रंगासाठी एल्डरच्या झुडपाची काळी फळे, गोडीसाठी आटवलेला रस, जोरासाठी जास्तीचे स्पिरिट. एल्डरच्या फळांवर पोंबालच्या काळापासून बंदी होती. खोऱ्यातली एल्डरची झाडे उपटण्याचा हुकूमही तेव्हा निघाला होता. पण मागणीपुढे हुकूम टिकला नाही.

जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज तरुणपणी पोर्तोला काकाच्या पेढीत आला. व्यापार शिकता शिकता तो खोऱ्यातच रमला. नावेतून नदी पालथी घालून त्याने दोरूचा तपशीलवार नकाशा तयार केला. वळणे, धबधबे, मळे, गावे सगळे त्यात आले. शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून त्याने ऐकले की चांगला, साधा, स्वच्छ माल केला तर व्यापारी कमी भाव देतो आणि रंग चढवलेल्या मालाला जास्त. १८४४ मध्ये त्याने एक पत्रक छापले आणि पोर्टच्या व्यापारात चाललेली भेसळ उघड केली. स्वतःच्याच पेशातल्या लोकांविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस व्यापाऱ्यांना वैरी वाटला. दोरूच्या शेतकऱ्यांनी मात्र त्याला आपला मानला. पुढे पोर्तुगालच्या राजाने त्याला बॅरन हा किताब दिला. १८६१ च्या मे महिन्यात काशाओ दा व्हालेइरा या ठिकाणी, जिथे नदी अरुंद खडकांतून उसळते, तिथे त्याची नाव उलटली आणि तो बुडाला. त्याच नावेत दोना अंतोनिया फेरेरा ही खोऱ्यातली मोठी मळेवाली होती, ती वाचली. तिच्या फुगीर घागऱ्याने तिला तरंगत ठेवले आणि फॉरेस्टरला कमरेच्या पैशांच्या पट्ट्याने खाली ओढले, असे तिथे सांगतात.

फॉरेस्टरच्या मताचे दोन भाग वेगळे करावे लागतात. स्पिरिट मिसळूच नये, हा त्याचा आग्रह काळाने मागे टाकला. आंबणे मध्येच थांबवून स्पिरिट घालणे ही आज पोर्टची व्याख्याच आहे. पण त्याचा दुसरा मुद्दा खरा ठरला. एका उत्तम सालाची चव दरवर्षी मागणारे गिऱ्हाईक आणि ती दरवर्षी नकलेने पुरवणारा व्यापारी, हे दोघे मिळून शेतकऱ्याच्या चांगल्या मालाची किंमत शून्य करतात. यावर तोडगा निघाला तो साल छापण्याचा. साल छापले की प्रत्येक वर्षाला स्वतःच्या चवीने उभे राहावे लागते, आणि उभे राहता येत नसेल तर मिश्र मालात जावे लागते.

महाराष्ट्रात द्राक्षाचे वर्ष निराळे चालते. येथे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून तिला छाटणीने वर्ष शिकवावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि काडी तयार होते. पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी होते आणि घड येतात. वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्च तोडली जातात. दोरूत द्राक्ष थंड होत जाणाऱ्या दिवसांत पिकते, नाशिकमध्ये तापत जाणाऱ्या. त्यामुळे येथे थंड रात्री किती मिळाल्या यावर आंबटपणा टिकतो. फळछाटणीनंतरचा अवकाळी पाऊस केवडा आणतो. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळ आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट बागायतदार विसरलेले नाहीत. २००१ च्या राज्य धोरणानंतर विंचूर आणि आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकनही आहे. गोव्यात पोर्ट या नावाने विकली जाणारी स्वस्त गोड वाइन मात्र दोरूच्या रीतीची नव्हे. तिच्यामागे ना ते खोरे, ना ते लागार, ना ते साल. या विषयावर पुष्कळ बोलता येईल. पण वेळ सरत चालला आहे आणि मूळ मुद्दा अजून बाकी आहे.

तो मुद्दा गुळाचा.

१८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या या राजाने गुळाला बाजार दिला, पुढे राधानगरीचे धरण हाती घेऊन उसाला पाणी दिले. आजही दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या बाजार समितीत नव्या गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे पोंबालने ग्रॅनाइटचे खांब रोवून जे केले, ते हद्दीचे काम येथेही झाले. सालाचे काम राहिले.

गुळाला साल असते का, असा प्रश्न येथे विचारला जाणार. उसाचे वर्ष पाहिले की उत्तर मिळते. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, पूर्वहंगामी ऑक्टोबरच्या सुमारास आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीत, त्यामागून खोडवा. पावसाळ्यात ऊस उंची घेतो. पाऊस थांबला, ऑक्टोबरचे ऊन पडले आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठल्या, की वाढ मंदावते आणि कांड्यांत साखर साठू लागते. ऑक्टोबर ओला गेला तर ऊस हिरवाच राहतो, रसात न जमणाऱ्या साखरेचे प्रमाण वाढते आणि गूळ मऊ, पाझरणारा होतो. २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला तर बुडालेल्या उसाचा शेंडा कुजतो, पांगशा फुटतात आणि रसाची गोडी उतरते. जमीनही बोलते. खारवट रानातला गूळ खारट लागतो आणि हवेतले पाणी ओढतो. युरियाचा मारा केलेल्या उसाचा गूळ काळपट पडतो. जातही बोलते : कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राची को ९२००५ ही जात गुळासाठीच नावाजलेली आहे. दोरूत जे घटक मोजले जातात, पाऊस, उष्णता, माती, जात, ते सारे येथे हजर आहेत.

आणि करण्याची कारागिरी तर तितकीच काटेकोर आहे. तोडलेला ऊस फार वेळ पडू द्यायचा नाही, कारण साखर फुटते. चरकातून रस काढायचा, काहिलीत घ्यायचा, चुलवाणात चिपाडाचा जाळ धरायचा. रस तापू लागला की रानभेंडीचा चिकट रस घालायचा. मळी वर येते, ती काढायची. चुन्याची निवळी बेताने घालायची. उकळी फुगून वर आली तर थोडे तेल शिंपडायचे. १०५ अंशांच्या आसपास काकवी होते. जमणारा गूळ हवा असेल तर ११८ अंशांच्या जवळ जावे लागते. त्या थोड्या अंशांच्या अंतरात गुळव्याची सारी विद्या असते. तो थर्मामीटर पाहत नाही. बुडबुड्यांचा आकार पाहतो, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी वळतो आणि त्या क्षणी काहील उतरवायला सांगतो. उशीर झाला तर गूळ करपला, घाई झाली तर जमला नाही. पाक वाफ्यात ओतून, ढवळून, साच्यांत भरला की रवे तयार होतात. दोरूत स्पिरिट घालण्याचा क्षण आणि येथे काहील उतरवण्याचा क्षण, दोन्हींत त्या वर्षाचा रस पाहूनच निर्णय होतो. ठरावीक मिनिटांनी तो होत नाही.

आता १८२० ची गोष्ट पुन्हा समोर ठेवावी. बाजाराला पिवळाधमक गूळ आवडला. एखाद्या चांगल्या रानाचा, चांगल्या थंडीचा, चांगल्या जातीचा गूळ तसा होतोही. मग प्रत्येक रव्याकडून, प्रत्येक वर्षी तोच रंग मागितला गेला. हवा तो देईना, तेव्हा रंग उजळणारी हायड्रॉस पावडर आली. काही ठिकाणी काहिलीत साखर पडू लागली. रंग मिळाला आणि हंगाम पुसला गेला. रानभेंडी वापरून, रसायन न घालता, तांबूस-तपकिरी गूळ करणाऱ्याला सौद्यात मागे उभे राहावे लागले. फॉरेस्टरने दोरूच्या ओसरीवर जे ऐकले, तेच करवीर, कागल आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गुऱ्हाळघरांत ऐकायला मिळते.

यावर व्यापाऱ्यांकडून येणारी हरकत रास्त आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. गुजरातच्या गिऱ्हाइकाला, चिक्कीवाल्याला, मिठाईवाल्याला दरवर्षी सारखाच माल लागतो. साल छापून तो कसा मिळणार? त्याला दोरूनेच उत्तर दिले आहे. सारख्या चवीचा मिश्र माल राहू द्यावा. पोर्टचाही बहुतेक व्यापार मिश्र मालाचाच आहे. फक्त तो मिश्र आहे असे सांगावे, आणि त्याच्या शेजारी सालाचा गूळ उभा करावा. दुसरी हरकत अशी की गूळ मद्यासारखा मुरत नाही, मग सालाचा उपयोग काय? आयुर्वेदात जुना गूळ वेगळा मानलेला आहे आणि घरोघरी बाळंतिणीसाठी, औषधासाठी तो मुद्दाम शोधला जातो. रव्यावर सालच नसेल, तर जुना म्हणून दिलेला गूळ कधीचा, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. तिसरी हरकत खर्चाची आणि नोंदींच्या कटकटीची. तिचे उत्तर कागलच्या या औद्योगिक वसाहतीतच आहे. येथल्या फाउंड्रीत भट्टीतून ओतलेल्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. कास्टिंगला तडा गेला तर कोणत्या दिवशीच्या, कोणत्या रसाचा तो भाग, ते नोंदीतून शोधून काढता येते. लोखंडाच्या रसाची ही नोंद कोल्हापूरकर शिस्तीने ठेवतात. उसाच्या रसाची ठेवणे त्यांना जड नाही.

वेळ संपत आल्याने योजनेचे कलम तेवढे सांगून थांबणे भाग आहे. रव्याच्या वेष्टनावर सहा गोष्टी हव्यात : हंगामाचे साल, उसाची जात, लागणीचा प्रकार, रानाचे गाव, काहील उतरवल्याची तारीख आणि निवळण्यासाठी काय वापरले ते. नोंदवही गुऱ्हाळघरात राहावी आणि तपासणी मानांकनाच्या व्यवस्थेतून व्हावी. पाडव्याच्या सौद्यात सालाच्या गुळाची रांग वेगळी लावावी. सर्वांत अवघड कलम शेवटचे : महापुराच्या किंवा ओल्या ऑक्टोबरच्या वर्षी, चाखणीत गूळ उतरला नाही, तर त्या साली सालाचा शिक्का मारू नये. तो माल मिश्र म्हणून विकावा. दोरूत १९३१ सारख्या उत्तम सालालाही बहुतेकांचा शिक्का मिळाला नाही. हलक्या सालाला तो न देणे त्याहून सोपे आहे. शिक्का कधी न मारायचा हे जिथे ठरलेले असते, तिथेच मारलेल्या शिक्क्याला किंमत येते. हद्द आखून झाली आहे, कारागीर हयात आहेत, बाजार शंभर वर्षांहून जुना आहे. गुऱ्हाळघरे दरवर्षी कमी होत चालली आहेत, म्हणून हे काम येत्या हंगामापासून सुरू व्हायला हवे.